एकशे वीस तास

ओव्हाळ मॅडम म्हणाल्या होत्या,
राज्यसंस्था पुस्तकात दिसत नाही,
जा, खुर्चीवर बसलेली बघून या.
मी गेले.
खुर्ची होती, पाठीवर टॉवेल होता.
राज्यसंस्था चहाला गेली होती.

सासवडहून सकाळची पीएमपी.
दिवे घाट उतरताना रोज ठरवायचे,
आज काहीतरी विचारायचं.
क्षेत्रीय कार्यालय, पहिला मजला, आवक-जावक,
दातरंगे.
त्यांनी पहिल्या दिवशी दाभण दिला आणि दोरा,
फाइली शिवायला.
"राज्यशास्त्र ना? मग लिहून घ्या,
कागद सुटला की माणूस सुटला."
मला वाटलं विनोद आहे.
टोचलेलं बोट तोंडात धरून हसले.

मग लोक यायला लागले, म्हणजे येतच होते,
मला दिसायला लागले.
दाखल्यावर आईचं नाव चुकलेला एक रिक्षावाला,
दिव्याच्या खांबासाठी तीन सह्या कमी पडलेली सोसायटी,
एक आजोबा, ज्यांचं काहीच काम नव्हतं,
पंखा चांगला आहे म्हणाले.
आणि काशेवाडीच्या शेवंता कुचेकर.
गटार मोरीतून उलटं घरात येतंय,
चौथी खेप.
मी नोंद केली, पावती दिली.
"कागद हरवतो गं, हातावर लिही."
लिहिलं. चार चार सात एक.
तळहात इतका खरखरीत,
की पेन दोनदा अडलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मीटिंग होती वरती.
प्रलंबितचा रकाना शुक्रवारपर्यंत रिकामा हवा होता.
दातरंगेंचे डोळे दुखत होते, चष्मा पौडला राहिलेला,
माझे डोळे तरुण.
स्क्रीनवर एक छोटा बाण,
दाबला की तीन शब्द उघडतात,
तिसरा शब्द: निकाली.
दोनशे बारा वेळा.
काही खरंच निकाली असतील, असं मी
साठाव्याच्या आसपास स्वतःला सांगितलं.
मग ४४७१ आला.
मी थांबले.
किती वेळ, ते नाही सांगता येणार,
दातरंगे म्हणाले, "नेट गेलं का?"
नाही म्हणाले, आणि दाबलं.

लॉगशीटवर त्या दिवशीची नोंद:
तक्रार निवारण, सात तास.
सही, शिक्का.
प्रमाणपत्रावर माझ्याबद्दल दोन शब्द आहेत,
कष्टाळू आणि आज्ञाधारक.
तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं,
उत्तरदायित्व म्हणजे काय?
मी व्याख्या सांगितली. बरोबर होती.
चार क्रेडिट.

हे सांगितलं नाही,
की प्रमाणपत्र घ्यायला गेले त्या दिवशी
बाई जिन्यातच भेटल्या.
नातवाचा फोन पुढे केला.
"मेसेज आलाय, बघ गं, वाच."
मी वाचला.
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.
"म्हणजे येणार का ते?"
मी म्हटलं, नवीन नंबर घ्यावा लागेल.
त्यांनी काही न बोलता
तळहात पुढे केला.

माझे तास केव्हाच भरले होते.
तरी त्यांच्यामागून गेले काशेवाडीत,
का ते अजून नीट माहीत नाही.
एकामागे एकच चालता येईल एवढी गल्ली.
उंबऱ्याला त्यांनी सिमेंटची वीतभर भिंत घातली होती,
स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हातानं, वाकडी.
मोरीशेजारी पोरगं गणितं सोडवत होतं
पाय वर घेऊन.
दारासमोर चेंबरचं लोखंडी झाकण,
त्यावर महापालिकेचं नाव, उठावदार अक्षरांत,
कडेनं काळं पाणी हळूहळू वर येत होतं.

"चहा टाकू?" बाईंनी विचारलं.
मी हो म्हटलं.
अक्षरं एकेक करून बुडत होती,
आधी शेवटची.